सांगितलेली किंमत दिली, म्हणजे व्यवहार न्याय्य झाला का? पेरूतील विणणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करू इच्छिणाऱ्या एका वाचकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नेदरलँड्समध्ये राहता, वस्त्ररचनेचे शिक्षण घेतलेले आहे, आणि पेरूच्या पुनो भागातील एका महिला गटाकडून अल्पाकाच्या लोकरीचे ४० स्वेटर हाताने विणून घेऊन ते स्वतःच्या छोट्या ब्रँडखाली विकायचे आहेत. गटाने एका स्वेटरची किंमत सांगितली, ती तुम्ही घासाघीस न करता मान्य केली. आता विचारता की एवढ्यावर या मालाला ‘फेअर ट्रेड’, म्हणजे न्याय्य व्यापारातला माल, म्हणता येईल का, प्रमाणपत्र लागेल का, आणि त्यांच्या पारंपरिक नक्ष्या स्वेटरवर घेतल्या तर चालतील का. मी पुनो आणि कुस्को भागांतील सुयांवर व मागावर विणणाऱ्या गटांबरोबर उत्पादन-समन्वयाचे काम करते, म्हणजे खरेदीदाराचे रेखाटन आणि विणणारीचा हात यांच्या मधले सगळे काम. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

सांगितलेली किंमत जशीच्या तशी मान्य करणे घासाघिशीपेक्षा केव्हाही बरे, पण तेवढ्याने व्यवहार न्याय्य ठरत नाही. एखादा लहान गट नव्या खरेदीदाराला भाव सांगतो तेव्हा त्यामागे बहुधा हिशेब नसतो. मागच्या खरेदीदाराने काय दिले, शेजारच्या गटाने काय मागितले आणि किती मागितले तर ही बाई परत फिरेल, अशा अंदाजांवर तो भाव ठरलेला असतो. विणणाऱ्या स्त्रिया आपले तास मोजत नाहीत, कारण ते तास सलग नसतातच. जनावरे राखताना, बाजाराला जाताना गाडीत, रात्री मुले झोपल्यावर, असे ते दिवसभर विखुरलेले असतात, आणि अशा विखुरलेल्या वेळेचे वेगळे मोल असते हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडेन: या ४० स्वेटरांच्या व्यवहारात वेळ कोणाचा जातो, पैसा कोणाचा अडकतो, आणि काही बिघडले तर नुकसान कोणाच्या पदरात पडते? किंमत हा यातल्या पहिल्याच भागाचा विषय आहे. उरलेले दोन भाग ऑर्डर कशी दिली यावर ठरतात, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक अन्याय तिथेच होतो.

बऱ्याच गोष्टी तुमचा गट कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून आहेत, हे आधी मान्य करायला हवे. काही गट रीतसर नोंदलेल्या संघटना असतात, त्यांचा कर-क्रमांक असतो, त्या बीजक देऊ शकतात; २००७ च्या कारागीर कायद्यानुसार पेरूमध्ये कारागिरांची राष्ट्रीय नोंदवही आहे, तीत त्यांच्या सभासदांची नावे असतात. काही गट मात्र मुळात माताक्लब, म्हणजे गावातल्या आयांची मंडळे, असतात किंवा एकाच वाडीतल्या दहा-पंधरा जणी असतात, आणि त्यांचा माल दुसऱ्याच कोणा निर्यातदाराच्या नावावर बाहेर जातो. गटप्रमुख सभासदांनी निवडलेली आहे की ती स्वतःच काम घेऊन इतरांना वाटणारी कंत्राटदार आहे, यानेही पुष्कळ फरक पडतो. कंत्राटदार असणे वाईट नव्हे. ती लोकर आणते, वाटते, तपासते, भाषांतर करते, आणि या कामाचे पैसे तिला मिळालेच पाहिजेत. मात्र विणणारीच्या हातात किती पडणार आणि समन्वयाला किती जाणार हे दोन आकडे वेगवेगळे असावेत आणि गटाच्या बैठकीत सर्वांसमोर मोठ्याने वाचले जावेत, एवढा आग्रह तुम्ही धरू शकता. पुनोच्या उत्तरेकडे केचुआ बोलतात आणि दक्षिणेकडे आयमारा; वयस्क स्त्रियांना स्पॅनिश वाचता येईलच असे नाही. म्हणून कागद पाठवून थांबू नका, वाचून दाखवायला सांगा.

आता किंमत. मी ती तासांवरून काढते, आणि तासाचा दर देशाच्या किमान वेतनावरून. १ जानेवारी २०२५ पासून पेरूतील किमान वेतन महिना १,१३० सोल (सोल हे पेरूचे चलन) आहे आणि कायद्याने आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम घेता येते. म्हणजे महिन्याचे २०८ तास झाले आणि तासाला ५.४३ सोल पडले. पुष्कळ खरेदीदार इथेच थांबतात आणि ‘आम्ही किमान वेतन देतो’ असे सांगतात. परंतु पेरूतील कारखान्यात रीतसर नोकरी करणाऱ्याला १२ महिन्यांच्या पगाराशिवाय जुलैत आणि डिसेंबरात एकेका महिन्याचा जादा पगार मिळतो, नोकरी सुटल्यावर उपयोगी पडावा म्हणून वर्षाकाठी साधारण एका महिन्याचा पगार त्याच्या नावे जमा होतो आणि एक महिना भरपगारी रजा असते. घरी बसून विणणारीला यातले काहीच मिळत नाही. तेव्हा ११ महिन्यांच्या कामाला १५ महिन्यांचा पगार असा हिशेब धरला तर तासाचा दर ७.४१ सोल होतो. ३५ तासांच्या स्वेटरला पहिल्या दराने १९० सोल पडतात, दुसऱ्या दराने २५९, म्हणजे भारतीय रुपयांत सहा हजारांच्या पुढे. अतिलहान उद्योगांना पेरूच्या कायद्यातच यातल्या काही देण्यांतून सूट आहे, त्यामुळे तुम्हाला कोणी ‘एवढे द्यायची गरज नाही’ असे सांगेल, आणि कायद्याच्या अक्षरानुसार ते बरोबरही असेल. माझे मत असे की ज्या बाईला आजारपणाची रजा नाही, जिचे वीजबिल आणि जिच्या सुया तिच्याच पैशाच्या आहेत, तिचा दर कारखान्यातल्या कामगारापेक्षा कमी धरण्याला काही आधार नाही. आणि किमान वेतन ही सुरुवातीची पायरी आहे. त्यात घर नीट चालते असे कोणी समजू नये.

तास मोजायचे कसे, यावरही थोडे बोलले पाहिजे, कारण तास चुकले तर दर कितीही चांगला असून उपयोग नाही. नमुन्याचा स्वेटर गटातली सर्वांत तरबेज बाई विणते आणि तिच्या वेळेवरून सगळ्यांचा भाव ठरतो, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. त्याऐवजी तीन वेगवेगळ्या हातांनी तोच नमुना विणवून घ्या, तिघींनी वहीत वेळ मांडावी, आणि मधल्या किंवा सर्वांत सावकाश हाताची वेळ धरा. साधा, मध्यम जाडीच्या धाग्याचा स्वेटर ३० ते ४० तासांत होतो. अनेक रंगांची चित्रे असतील तर त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ सहज लागतो. या वेळेत बाह्या जोडणे, धाग्यांची टोके आत घेणे, धुणे आणि मापावर ताणून वाळवणे हेही धरायचे असते. ही कामे सहसा ‘शेवटचे जरासे’ म्हणून सोडून दिली जातात, आणि अनेक रंगांच्या स्वेटरात नुसती टोके आत घ्यायला एक दुपार जाते.

यापुढची गोष्ट बाहेरून दिसत नाही, म्हणून ती जवळून सांगते. लोकर वजनावर दिली जाते. गटप्रमुख लड्या तराजूवर ठेवते, प्रत्येकीच्या नावापुढे ग्रॅम लिहिते, आणि तयार स्वेटर परत येतो तेव्हा तो व उरलेला धागा मिळून तेवढेच वजन भरले पाहिजे, अशी अपेक्षा असते. वजन कमी भरले की लोकर लांबवल्याचा संशय येतो आणि तेवढे पैसे मजुरीतून कापले जातात. आता लोकर हवेतला ओलावा धरून ठेवते. राजधानी लिमा समुद्रकाठी आहे, तिथली हवा दमट. तिथल्या गोदामात मोजलेली लडी पुनो भागातल्या, ३,८०० मीटरवरच्या हुलियाका शहराच्या कोरड्या हवेत हलकी भरते. जानेवारीच्या पावसाळ्यात दिलेली लोकर जूनच्या कडक कोरड्या थंडीत स्वेटर होऊन परत आली तरी हाच फरक पडतो. शिवाय गाठी, तुटलेली टोके आणि उसवून पुन्हा विणण्यात जाणारा धागा वेगळाच. सोलापूरच्या विडीकामगार स्त्रियांना पाने आणि तंबाखू वजनावर मिळतात आणि घट त्यांच्या माथी मारली जाते, हे आपल्याकडच्या पुष्कळांनी जवळून पाहिले आहे. त्याचीच ही अँडीजमधली बहीण आहे. उपाय साधा आहे. लोकर तुम्ही विकत घ्या, गटाला द्या, घटीची सूट आधीच ठरवून लिहा (मी शंभराला पाच ते आठ धरते, अनेक रंग असतील तर त्याहून जास्त), वजन गावातल्याच तराजूवर विणणारीसमोर करा, आणि वजनाच्या फरकासाठी मजुरी कापायची नाही असे करारात स्पष्ट घाला.

दुसरी बाब मापाची. तुम्हाला ४० स्वेटर हवेत आणि ते बाराजणी विणणार असतील, तर तुमच्याकडे बारा वेगवेगळे हात आहेत. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल; त्याच सुया आणि तोच धागा घेऊन दोघींच्या छातीच्या मापात पाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. लेखी सूचनेने हे सुटत नाही. प्रत्येकीकडून पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणून घ्यावा, तो धुवावा, वाळवावा, आणि मग मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजावे. घट्ट हाताला जाड सुई द्यायची, सैल हाताला बारीक, आणि कोणाला कोणती सुई दिली ते तिच्या नावापुढे लिहून ठेवायचे. एका स्वेटरची पाठ, पुढा आणि बाह्या एकाच हाताने विणल्या जाव्यात, नाहीतर जोडताना कडा जुळत नाहीत. या चौकोनांचेही पैसे द्यायचे असतात. सूचना म्हणून मोजमापांचा तक्ता पाठवा, पण त्याहून अधिक भर तयार नमुना आणि चौकटींच्या कागदावर काढलेल्या चित्रावर द्या. अनुभवी विणणारी नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहते आणि तासाभरात त्याची रचना तिच्या ध्यानात येते.

अल्पाकाचा स्वभाव तुम्ही रेखाटन करतानाच ओळखला नाही, तर त्याचा त्रासही शेवटी विणणारीलाच होतो. हा तंतू मऊ, उबदार आणि जड पडतो, पण मेंढीच्या लोकरीला असतो तसा कुरळेपणा त्याला नसतो, त्यामुळे त्यात परत आखडण्याची ताकद कमी. लांब, सैल, मोठ्या टाक्यांचा शंभर टक्के अल्पाकाचा स्वेटर खुंटीवर टांगला की महिन्याभरात गुडघ्याकडे निघतो. मग ग्राहक परत करतो, खरेदीदार गटाला दोष देतो आणि पुढची ऑर्डर येत नाही. खांद्याला आधाराची शिवण ठेवा, मनगट आणि कमरेची पट्टी बारीक सुयांवर घ्या, वजन आवरते ठेवा, किंवा थोडी मेंढीची लोकर मिसळलेला धागा निवडा. सुरी जातीच्या अल्पाकाचा तंतू सरळ आणि चमकदार असतो, तो शालीला शोभतो. स्वेटरला वाकाया जातीचा, थोडा फुगीर तंतू बरा. ‘बेबी अल्पाका’ ही तंतूच्या बारीकपणाची प्रत आहे, सुमारे २३ मायक्रॉनपर्यंतची, आणि ती मोठ्या जनावरापासूनही मिळते. दुकानात सांगताना ग्राहकाची फसगत होऊ देऊ नका.

आता वेळापत्रक. युरोपातल्या थंडीसाठी माल सप्टेंबरात दुकानात हवा, म्हणून खरेदीदार मे-जूनमध्ये जागा होतो आणि ‘सहा आठवड्यांत द्या’ म्हणतो. पण आल्तिप्लानोवरचे, म्हणजे पुनोच्या उंच पठारावरचे, वर्ष शेतीचे आहे. एप्रिलपासून बटाटा आणि किनोआ काढायचे दिवस असतात. जून-जुलैत रात्रीचे दव गोठते तेव्हा बटाटे उघड्यावर पसरून, तुडवून त्यांचे चुन्यो, म्हणजे टिकाऊ सुके बटाटे, करतात, आणि त्यावर घराचे पुढचे कित्येक महिने निघतात. ते काम पुढे ढकलता येत नाही कारण तसा गारठा पुढे मिळत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुनोमध्ये कांदेलारियाची जत्रा, मग कार्निव्हल, मार्चमध्ये मुलांच्या शाळा सुरू, २८ जुलैला स्वातंत्र्यदिन. घाईची ऑर्डर आली की बाई ती नाकारत नाही, कारण नाकारली तर पुढची येणार नाही अशी भीती असते. ती रात्र मोडते, किंवा शेजारच्या गावच्या, तुम्हाला माहीतही नसलेल्या बायकांकडे काम वाटते. म्हणून नमुने आदल्या वर्षी पक्के करा, ऑर्डर जानेवारी-फेब्रुवारीत द्या आणि माल जुलैअखेर घ्या. पावसाळ्यात, डिसेंबर ते मार्च, शेतातली घाई थोडी कमी असते आणि विणकाम घरात बसून होते. एका बाईकडे चार स्वेटर आणि हातात चार-पाच महिने असतील, तर तिचे विणकाम तिच्या उरलेल्या आयुष्यात बसते. बारा स्वेटर आणि सहा आठवडे असतील, तर तुम्ही कितीही चांगला दर दिलात तरी तिच्या घरातले कोणीतरी, बहुधा थोरली मुलगी, तिच्या वाटची कामे करत असते.

पैसा कोणाचा अडकतो, याचे उत्तर उचलीत आहे. जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या तत्त्वांत हस्तकलेसाठी स्पष्ट म्हटले आहे की उत्पादकाने मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. उसाच्या टोळ्यांना बांधून ठेवणारी उचल आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हा शब्द लिहिताना सांगून टाकते: ही रक्कम कामाच्या मोबदल्याचा भाग आहे, कर्ज नव्हे, आणि काम पुरे झाल्यावर दुसऱ्याकडे जायला बाई मोकळी असते. मी याच्या पुढे एक पायरी जाते. लोकर खरेदीदाराने घ्यावी, मजुरीचे निम्मे पैसे लोकरीबरोबर पोचावेत, आणि उरलेले निम्मे माल गावात तपासून घेतल्या दिवशी द्यावेत. माल रॉटरडॅमला पोचल्यावर किंवा विकला गेल्यावर नव्हे. आता बहुतेकींच्या घरात कोणाच्या तरी फोनवर यापे हे पैसे पाठवण्याचे अ‍ॅप चालते, त्यामुळे पैसे थेट प्रत्येकीला पाठवणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर कोणत्या क्रमांकावर पाठवायचे हे त्या बाईलाच एकटीला विचारा. ऑर्डर रद्द करावी लागली, तर सुयांवर चढलेल्या प्रत्येक स्वेटरची पूर्ण मजुरी द्यायची, हेही आधीच लिहून ठेवा. तुमचा ब्रँड लहान आहे आणि ४० स्वेटरांची निम्मी रक्कम आधी घालणे तुम्हाला जड जाईल, हे मी समजू शकते. तसे असेल तर २० स्वेटर करा. तुमची अडचण तिच्या घरावर ढकलून ४० करू नका.

नापास मालाबाबत माझा नियम असा: दोष विणण्यात असेल, म्हणजे टाका सुटला, भोक राहिले, बाही आखूड झाली, तर विणणारीने दुरुस्त करावे, आणि त्यासाठी वेळ मिळावा, दोष रेखाटनात, धाग्यात किंवा चुकीच्या सूचनेत असेल, तर पुन्हा विणण्याची मजुरी खरेदीदाराने द्यावी. तपासणी मात्र अर्ध्यावर करा. पाठ आणि एक बाही झाली की पाहावी. शेवटी चाळीसच्या चाळीस उघडून त्यातले दहा बाजूला काढणे हे कोणाच्याच हिताचे नसते.

इथपर्यंत जे सांगितले ते विणणारीपुरते झाले. अल्पाका पाळणारा वेगळा माणूस आहे आणि तो बहुधा तिच्यापेक्षाही गरीब आहे. जगातले बहुतांश अल्पाका पेरूमध्ये आहेत, आणि त्यांतले बहुतेक ४,००० मीटरच्या वर, लहान पशुपालक कुटुंबांकडे. वर्षातून एकदा, साधारण पावसाळ्याच्या महिन्यांत, लोकर कापतात. एका जनावराकडून दोन-तीन किलो मिळते. गावात येणारा मध्यस्थ ती पौंडावर, बारीक-जाड एकत्रच उचलतो, त्यामुळे बारीक लोकर जपणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नाही. जिथे पशुपालकांची संघटना स्वतःचे संकलन केंद्र चालवते आणि तिथल्या निष्णात स्त्रिया हाताने प्रत लावतात, तिथे बारीक लोकरीला वेगळा भाव येतो. पण पुढे आरेकिपाच्या मोठ्या गिरण्यांत सगळीकडची लोकर एकत्र होते, आणि २०-२५ किलो सूत घेणाऱ्या खरेदीदाराला ते कोणाच्या कळपातले हे सहसा कळत नाही. २०२० मध्ये पेरूतल्या एका मोठ्या फार्मवर जनावरांना क्रूरपणे हाताळून लोकर कापल्याची चित्रफीत पसरली आणि काही बड्या ब्रँडांनी अल्पाका वापरणेच थांबवले. पुढच्या वर्षी ‘रिस्पॉन्सिबल अल्पाका स्टँडर्ड’ आले, ज्यात जनावरांची आणि कुरणांची निगा तपासली जाते. या प्रमाणाचे सूत मिळाले तर जरूर घ्या. न मिळाले तर निदान एवढे करा: विणणारीला न्याय्य मोबदला दिला असे म्हणा, ‘लोकरीपासून स्वेटरपर्यंत सर्व काही न्याय्य’ असे म्हणू नका.

यावरूनच प्रमाणपत्राकडे येते. जागतिक फेअर ट्रेड संघटना संपूर्ण संस्थेची तपासणी करते, तर ‘फेअरट्रेड’ची हिरवी-निळी खूण विशिष्ट मालावर लागते आणि कपड्यांत ती मुख्यतः कापसाच्या संदर्भात दिसते. हाताने विणलेल्या अल्पाका स्वेटरसाठी तुमच्यासारखीला जवळचा मार्ग म्हणजे पेरूतली एखादी आधीच सभासद असलेली निर्यात संस्था शोधून तिच्यामार्फत काम करणे. त्यात खर्च वाढतो, पण लोकर वाटणे, तपासणी, कागदपत्रे आणि निर्यात यांचा भार ती उचलते. स्वतः प्रमाणपत्र घेण्याच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. ४० स्वेटरांच्या धंद्याला तो खर्च पेलत नाही, आणि ते पैसे मजुरीत गेलेले बरे. मात्र युरोपीय संघाचा २०२४/८२५ क्रमांकाचा निर्देश लक्षात घ्या. त्याचे नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतात आणि पर्यावरणीय किंवा सामाजिक गुणांची जी खूण मान्य प्रमाणन पद्धतीतून किंवा शासकीय संस्थेकडून आलेली नाही, ती वापरायला त्यात मनाई आहे. म्हणजे स्वतः काढलेला ‘फेअर ट्रेड’चा गोल शिक्का स्वेटरला लावायच्या चिठ्ठीवर छापणे यापुढे चालणार नाही. त्याऐवजी सिद्ध करता येईल असे साधे वाक्य लिहा: हा स्वेटर पुनो प्रांतातल्या अमुक गटातील विणकर स्त्रीने विणला, तिला त्यासाठी इतके सोल मिळाले, त्यातले निम्मे आगाऊ दिले. पावत्या जपून ठेवा. तंतूंचे प्रमाण दर्शवणारी चिठ्ठी तर २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमानुसार सक्तीचीच आहे. पेरू आणि युरोपीय संघ यांच्यात २०१३ पासून व्यापार करार लागू आहे, त्यामुळे माल पेरूचा असल्याची घोषणा निर्यातदाराने बीजकावर रीतसर केली तर आयात शुल्कात सवलत मिळते. ते वाक्य विसरले म्हणून शुल्क भरत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

शेवटचा प्रश्न नक्ष्यांचा, आणि इथे मी तुम्हाला थोडे थांबायला सांगेन. अँडीजमध्ये सुयांवरचे विणकाम स्पॅनिश लोकांबरोबर आले. कमरेला बांधायच्या मागावरचे विणकाम त्याच्या हजारो वर्षे आधीचे आहे. त्या मागावरच्या नक्ष्यांना पाय्याय म्हणतात, आणि कोणत्या गावच्या शालीत कोणती पाय्याय कुठल्या क्रमाने येते हे त्या गावाला ठाऊक असते. तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाची वस्त्रकला युनेस्कोने २००५ मध्ये मानवी वारशाचा भाग म्हणून जाहीर केली. तिथे पुरुष बारीक सुयांवर टोप्या विणतात, आणि पूर्ण लाल टोपी लग्न झालेल्याची, पांढऱ्या माथ्याची अविवाहिताची. ती टोपी ‘सुंदर आहे’ म्हणून युरोपच्या दुकानात कोणाच्याही डोक्यावर घालायला ठेवणे मला पटत नाही. तुमचा गटही अँडीजमधलाच आहे म्हणून कुस्को भागातल्या चिंचेरो गावाची किंवा ताकिलेची नक्षी त्या गटाकडून विणवून घेणे हे तर दुप्पट चूक, कारण ती देण्याचा अधिकार त्यांनाही नाही.

त्याच वेळी ‘हात लावू नका’ असेही मी म्हणत नाही. चिंचेरोच्या निल्दा कायान्याउपा यांनी १९९६ मध्ये स्थापलेल्या कुस्कोच्या पारंपरिक वस्त्र केंद्रात कोचिनील किड्याचा लाल, चिल्काच्या पानांचा हिरवा असे रंग आणि जवळजवळ विस्मरणात गेलेली तंत्रे पुन्हा गावोगावी विणली जाऊ लागली, आणि तिथे वस्त्र विणणारीच्या नावाने विकले जाते. बोलिव्हियात सुक्रेच्या आसुर संस्थेने जाल्का लोकांच्या लाल-काळ्या, विचित्र प्राण्यांनी भरलेल्या विणकामाला बाजारात मान मिळवून दिला. दोन्हीकडे नक्षी गावाच्या हातात राहिली आणि मोबदला गावाला मिळाला. तुमच्या स्वेटरसाठी याचा अर्थ असा: स्वतःचे रेखाटन करा, किंवा गटातल्या स्त्रियांना नवी नक्षी काढायला सांगा आणि त्या रेखाटनाचे पैसे विणण्याच्या मजुरीपेक्षा वेगळे द्या, पुन्हा तीच नक्षी वापराल तेव्हा पुन्हा द्या, आणि ती मशीनवर विणून घ्यायची नाही असे लिहून द्या. मागावरची शाल घेऊन ती कापून खिसे किंवा गळपट्टी करायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. ही वस्त्रे चारही बाजूंनी किनार घेऊन मागावरून उतरतात, त्यांना कात्री लावलेली विणणारीला पाहवत नाही. त्या मापाची अरुंद पट्टीच वेगळी विणवून घ्या.

पहिल्या भेटीला मे-जूनमध्ये जा. पाऊस थांबलेला असतो, रस्ते चालू असतात, आणि पुढच्या वर्षीच्या ऑर्डरसाठी नमुने करायला सहा-आठ महिने हातात राहतात. कापणीचे दिवस असल्यामुळे बैठक संध्याकाळी किंवा रविवारी ठेवायला सांगा आणि आलेल्या प्रत्येकीला त्या वेळेचे पैसे द्या. हुलियाकाला उतरल्यावर पहिले दोन दिवस फारशी धावपळ करू नका. तितक्या उंचीवर डोके दुखते, आणि दुखऱ्या डोक्याने भाव ठरवू नयेत. बरोबर तुमचे रेखाटन, दोन-तीन जाडीच्या सुया, मोजपट्टी आणि एक वही घेऊन जा. त्या वहीत पहिल्या पानावर बाराही जणींची नावे, प्रत्येकीची सुई, दिलेली लोकर आणि उचल लिहा, आणि तशीच दुसरी वही गटाकडे राहू द्या.